श्रावणातले न मोजलेले सोमवार

१४ डिसेंबर २०२५

शिवांजली,

त्या सोमवारी सकाळी मी अंघोळ करून महादेवाला गेलो, पिंडीवर बेल वाहिला आणि देवळाच्या पायरीवर बसून तुझा कागद भरला. तारीख बारा ऑगस्ट, साल दोन हजार चोवीस. सकाळचे साडेसात झाले असतील. कागदावर तू आखून दिलेले रकाने होते: झाडाचा नंबर, ढालकिडे, ढालकिड्यांच्या अळ्या, क्रायसोपाची अंडी, मधमाश्या. डावीकडे बदललेल्या मक्याची वीस झाडं, उजवीकडे साध्या मक्याची वीस. मका तिथून दीड किलोमीटरवर उभा होता. मांडीवर मागच्या आठवड्याच्या कागदाची नक्कल होती, ती बघून मी आकडे लिहीत गेलो. कुठे दोनाचे तीन केले, कुठे चाराचे तीन. सगळं झाल्यावर खाली बेरीज मांडली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी मी मक्यात पाय ठेवला नव्हता.

दिवाळीत ओट्यावर मी तुला हेच सांगितलं. तू पुरतं ऐकून घेतलंस, मग म्हणालीस, "अण्णा, हे आता मला सांगू नका." पाडव्यापर्यंत राहणार होतीस, दुसऱ्याच दिवशी हैदराबादची गाडी धरलीस. तेव्हापासून तुझा फोन येतो तो आईला. मी समोर असलो की ती फोन घेऊन परसात जाते. म्हणून लिहितो आहे. पत्र फोनसारखं मध्येच बंद करता येत नाही असं लिहिणार होतो, पण ते फाडता येतं. तरी लिहितो.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहितो, कारण मला ते ओळीने मांडून बघायचं आहे. बियाणे कंपनीने आपल्या गावच्या माळाला तीन एकर जमीन घेतली, तारेचं कुंपण घातलं, आणि लष्करी अळीला मारणारा गुण ज्याच्या अंगातच घातलेला आहे असा मका तिथे लावला. शेजारी, तुलना करायला, साधा मका. मला राखणदार म्हणून ठेवलं. तू तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या त्या कॉलेजात एम.एस्सी. करत होतीस. तुझ्या सरांनी तुला विषय दिला: तुरा फुटल्यावर जी पिवळी भुकटी पानांवर पडते, ती खाऊन अळीबरोबर आपल्या कामाचे किडेही कमी होतात का? तू पंधरा दिवसांनी एक चक्कर मारणार, आणि दर सोमवारी मोजायचं मी, असं ठरलं.

तू मला शिकवलंस ते दिवस मी विसरलेलो नाही. भिंग हातात देऊन म्हणालीस, "अण्णा, हे बघा, क्रायसोपाचं अंडं." पानातून एक केस उभा होता आणि त्याच्या टोकावर खसखशीचा दाणा ठेवल्यासारखं काहीतरी. मी पन्नास वर्षांच्या जवळ आलो, सगळा जन्म रानात गेला, आणि हे मी कधी पाहिलं नव्हतं. क्रायसोपा काय, पाठीवर ठिपके असलेला ढालकिडा काय, आपल्या पिकावरचा मावा खाणारे हे जीव माझ्या नजरेसमोर होते आणि मला दिसले नव्हते. त्या दिवशी मला तुझ्याकडून शिकताना फार बरं वाटलं.

सरांनी विचारलं होतं, "भाऊसो, सोमवार चालेल ना? कंपनीचा माणूस सोमवारी संध्याकाळी कागद नेऊन माझ्याकडे पोचवील." मी "व्हय" म्हणालो. तो जून महिना होता. श्रावण माझ्या डोक्यात आला नाही.

आणि एक लिहितो. मी त्या मक्याच्या विरोधातला माणूस नाही. साध्या मक्यावर फवारून फवारून माझ्या बोटांची सालं गेली आहेत, ते तू पाहिलं आहेस. बदललेल्या मक्याच्या पोंग्यात, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अळी नव्हती. ते बघून मी मनातल्या मनात हात जोडले होते.

एकच सोमवार होता तो. तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

अण्णा


२७ डिसेंबर २०२५

शिवांजली,

आईने निरोप सांगितला. मार्चमध्ये तू हैदराबादच्या नोकरीत कायम होणार आहेस, तोवर मी कुणाजवळ काही बोलू नये. ठीक आहे. नाही बोलणार.

मागचं पत्र तू वाचलंस असं आई म्हणाली. म्हणजे फाडलं नाहीस. आता त्यातली एक गोष्ट दुरुस्त करतो.

एक सोमवार नव्हता. चार होते.

श्रावणात त्या वर्षी पाच सोमवार आले. पहिल्या सोमवारचं मी आदल्या संध्याकाळी रविवारीच मोजलं आणि सोमवारची तारीख टाकली. एवढं चालतं असं वाटलं. बारा तारखेच्या आदल्या रविवारी दिवसभर पाऊस लागला, पानांवरची भुकटी धुऊन गेली, मोजण्यात अर्थ नव्हता. मंगळवारी जावं तर कागद सोमवारी संध्याकाळी द्यायचा. म्हणून तो देवळात भरला. एकदा भरला आणि कुणी काही विचारलं नाही. पुढचे तीन मग रविवारी पाऊस नसतानाही देवळातच भरले. जायचा कंटाळा आला होता असं लिहिलं तर ते खरं होईल. तुरा आठ ऑगस्टला फुटला होता, आणि लावण तीन टप्प्यांत असल्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भुकटी पडत होती. बारा कागदांपैकी जे चार कागद तुझ्या प्रश्नाचे होते, नेमके तेच मी मोजलेले नाहीत.

आपल्या गावात श्रावणातल्या सोमवारी कुणी रानात जात नाही. औत नाही, विळा नाही, वैरणसुद्धा आदल्या दिवशी कापून ठेवायची. वडिलांनी पाळलं, मी पाळलं. मला सरांना हे सांगता आलं असतं. पण आषाढात कुंपणावरच्या दुसऱ्या गड्याने, गुंडाने, तारेला लिंबू आणि मिरच्या बांधल्या होत्या, आठवतं? सर हसले होते. वाईट मनाने नव्हे, सहज हसले, म्हणाले, "गुंडा, तुझं लिंबू अळीला कळतं का रे?" कंपनीची माणसंही हसली. गुंडा स्वतःही हसला. मी लांब उभा होतो. तेव्हाच ठरवलं की माझा सोमवार या लोकांना सांगायचा नाही.

महादेवाला मी दोष देत नाही. त्याने मला काही सांगितलेलं नव्हतं. मला लाज माणसांची वाटली आणि पुढे केला तो देव.

अजून एक. कागद भरताना मी दोन्ही बाजूंना सारखेच आकडे टाकले. बदललेल्या मक्याला कमी लिहावं तर कंपनीवर अन्याय, साध्याला कमी लिहावं तर तोही खोटेपणा. म्हणून मी न्यायाने वागलो. डावीकडे एकूण एकेचाळीस, उजवीकडे त्रेचाळीस. डावीकडे अडतीस, उजवीकडे सदतीस. तुझा प्रबंध तू मला वाचून दाखवलास तेव्हा शेवटचं वाक्य होतं की दोन्ही मक्यांवरच्या मित्रकिडींच्या संख्येत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. आईने तुझ्या तोंडात पेढा घातला. मी उठून गोठ्यात गेलो. तो फरक मीच मिटवला होता. किंवा नसलेला फरक मी नसलेलाच ठेवला होता. यातलं कुठलं, ते मला माहीत नाही.

आता रागावू नकोस, पण एक विचारतो. तू या घरात वाढलीस. श्रावणी सोमवारी मी देवळातून घरी आणि घरातून देवळात, एवढंच फिरतो, हे तू लहानपणापासून बघितलंस. कागदांवर चार श्रावणी सोमवारच्या तारखा होत्या. तू ते कागद हातात घेतलेस, आकडे कॉम्प्युटरवर चढवलेस. तुला एकदाही वाटलं नाही का, की अण्णा त्या दिवशी रानात गेले कसे?

उत्तर देऊ नकोस. मार्चपर्यंत मलाही नको आहे.

कोंडीबा आला होता. जतचा, माश्यांच्या पेट्यावाला, तुला आठवत असेल. बाप मेंढरं घेऊन फिरायचा, हा टेंपोत पेट्या घालून फिरतो. डाळिंबाचा बहर सरला की जतला माश्यांना खायला उरत नाही. दारातूनच ओरडला, "भाऊसो, च्या टाका. माज्या चाळीस सुनांना घेऊन येतोय तुमच्या गावाला."

"सुना न्हवं रं, राण्या म्हण."

"राण्या चाळीसच हायत. बाकी सगळ्या कामवाल्या. आन मी त्यांचा गडी." मग चहा पिता पिता हळूच विचारलं, "तुमच्या त्या तारंच्या आतल्या मक्यात अळीचं औषद अंगातच हाय म्हणं. त्येचं पीठ माज्या माश्यांनी न्हेलं तर?"

"त्ये मोजलंय. कालेजनं मोजलंय."

"कालेज ऱ्हाऊ द्या. मोजलं कुणी? तुमीच न्हवं?"

"मीच."

"मग झालं." कप खाली ठेवून तो उठला. "सोमवार धरणारा माणूस हाय तुमी. संक्रांत झाली की आणतो पेट्या."

मी त्याला थांबवलं नाही. तू म्हणालीस तसा गप्प राहिलो.

अण्णा


१९ जानेवारी २०२६

शिवांजली,

या खेपेचा मका मागच्यापेक्षा मोठ्या जागेवर आहे. पहिल्या वर्षीचा अहवाल चांगला गेला म्हणून. नोव्हेंबरच्या सुरुवातीची लावण, आता पोंग्यातून तुरे डोकावायला लागले आहेत. आठवड्याभरात भुकटी पडेल. कोंडीबाच्या चाळीस पेट्या ओढ्यापलीकडे, शेजारच्या दादासोच्या बांधावर, ओळीने मांडल्या आहेत. मका आणि पेट्यांमधलं अंतर कागदावर नियमाप्रमाणे आहे, पण माशीला कोण कागद दाखवणार?

या हंगामात मोजणीला कुणी नाही. मोजून झालंय, असं कंपनीचा माणूस म्हणाला. म्हणून मी स्वतःच मोजायला लागलो. कुणी सांगितलेलं नाही. दव वाळलं की साडेआठला आत जातो, वीस झाडं इकडे, वीस तिकडे, तुझं भिंग घेऊन. आज अकरावा दिवस.

तुला वाटेल, आता अण्णांना काहीतरी सापडलं. सापडलं नाही. क्रायसोपाची अंडी एका दिवशी बदललेल्या मक्यात कमी भरली, तिसऱ्या दिवशी जास्त. ढालकिडे त्या बाजूला कमी दिसतात, पण त्या बाजूला मावाही कमी आहे. खायला नसेल तिथे ढालकिडा जाईल कशाला? आणि भुकटी तर अजून पडलेलीच नाही. यातून काय निघतं ते काढायला शिकलेलं माणूस लागतं. कदाचित फरक खरंच नसेल. तसं असेल तर तुझं वाक्य बरोबर ठरेल. पण ते तू शोधलेलं नसेल, मी देवळात बसून लिहिलेलं असेल.

एक गोष्ट मी दिवाळीत सांगितली नाही आणि मागच्या दोन पत्रांतही लिहिली नाही. बावीस ऑगस्टला, गुरुवारी, मी कुंपणाची तार ओढायला आत गेलो होतो. बदललेल्या मक्याच्या एका पानावर पिवळी भुकटी साचली होती आणि तिच्यात ढालकिड्याच्या तीन अळ्या निपचित पडल्या होत्या. बोट लावलं तरी हलल्या नाहीत. मेल्या असतील. किंवा कोषात जात असतील, कारण कोषात जाणारी अळी अशीच पानाला चिकटून गप्प होते, हे तूच मला शिकवलं होतंस. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं असतं तर कळलं असतं. मी गेलो नाही. त्या पानाला खूण म्हणून दोरासुद्धा बांधला नाही. तीन दिवसांपूर्वीच्या सोमवारचा भरलेला कागद गेला होता, त्यात त्या झाडावर पाच अळ्या लिहिल्या होत्या. मला त्या पानाकडे परत बघायचं नव्हतं.

हे लिहून हात दुखला नाही, पण थकायला झालं. आजकाल लवकर थकतो.

परवा जेवताना आईला त्या तीन अळ्यांचं सांगितलं आणि म्हणालो की मार्चपर्यंत थांबणं मला जमेलसं वाटत नाही. तिने वाढता वाढता भाकरी परत टोपल्यात टाकली.

"आवं, पोरगी पायावर हुबी ऱ्हायली ती बघवंना व्हय तुमास्नी?"

"तसं न्हाई गं."

"मग कसं? तुमचा देव तुमास्नी सोमवारी रानात जाऊ देत न्हाई, आन खोटं लिवू देतो?"

ती थांबली नाही. "तवा मैलभर चालायचं जिवावर आलं. आता लेकीच्या जिवावर उठून पुण्य मिळवायला निगालाय. तीन किड्यांसाठी!"

"किड्यांसाठी न्हाई."

"मग कशासाठी? सांगा की, मलाबी कळू दे."

मी म्हणालो की कोंडीबाने माझ्या शब्दावर पेट्या आणल्या. ती म्हणाली, "त्येला म्हणावं, घेऊन जा. त्येवढ्यानं भागतंय." मग चुलीतलं लाकूड आत सारत तिने विचारलं, "शिवाची डिगरी काढून घेत्याल का वं?"

मी खरं ते सांगितलं. माहीत नाही.

तिचं म्हणणं मी दोन दिवस डोक्यात घोळवलं. कोंडीबाला हळूच सांगून पेट्या हलवल्या तर तुझं काही बिघडत नाही, त्याचंही नाही. पण तुझ्या वाक्यावर हा मका मोठ्या जागेवर आला. पुढे याहून मोठ्या जागेवर जाईल. तिथे दुसरा कुणी पेट्यावाला असेल आणि तो कुणालातरी विचारेल, आणि तो माणूस म्हणेल, मोजलंय.

तू मार्च म्हणालीस. तुरा मार्चपर्यंत थांबत नाही. मी काय करावं ते तुला विचारत नाही, कारण विचारलं तर तू नको म्हणशील आणि मी ऐकेन. तुझं मी नेहमी ऐकलं.

अण्णा


५ फेब्रुवारी २०२६

शिवांजली,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा सरांचा फोन येऊन गेलेला असेल. माझ्या आधी त्यांच्याकडून कळावं असं मला वाटत नव्हतं, म्हणून काल तुला तीन वेळा फोन लावला. तू उचलला नाहीस. आईच्या फोनवरून लावला असता तर उचलला असतास, पण तसं फसवून बोलणं बरं दिसलं नसतं.

आधी कोंडीबाला सांगितलं, मागच्या महिन्याच्या पंचवीस तारखेला. तुरे दोन दिवसांत मोकळे होणार होते. तो पेटीचं झाकण उघडून चौकटी बघत होता, तोंडाला जाळी न लावता. मी सगळं सांगितलं, देवळासकट. तो चौकट हातात धरून उभा राहिला. माश्या त्याच्या मनगटावर चालत होत्या.

"म्हंजे पिठानं माश्या मरत्यात?"

"तसं मी म्हणत न्हाई. मरत्यात का न्हाई ते मला ठावं न्हाई. मी मोजलं न्हाई, येवढंच म्हणतो."

"ह्ये तर त्याच्यापक्षा वंगाळ, भाऊसो." त्याने चौकट हळूच आत बसवली. "लांडगा आला म्हटलं तर माणूस काठी घितो. हाय का न्हाई तेच म्हाईत न्हाई म्हटल्यावर काय घ्यायचं?"

"पेट्या हलव."

"हलवीन की. म्या हलवीन. तुमी काय हलवणार?" मग आवाज उतरवून म्हणाला, "आमच्यात मेंढरं मोजायचं काम सगळ्यात गरीब माणसाला देत्यात. का? तर त्येला खोटं मोजून काय मिळत न्हाई. तुमाला काय मिळालं वं?"

काही नाही, असं मी म्हणालो. ते खरं होतं. दिवस मावळताना माश्या घरात आल्यावर त्याने पेट्यांची दारं बंद केली आणि टेंपोत चढवल्या. मी हात लावायला गेलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." पेट्या जतच्या पलीकडे, करडईला गेल्या. त्याने चहा घेतला नाही.

त्यानंतर दहा दिवस मी कॉलेजसाठी पत्र लिहीत होतो. लिहायला काही नव्हतं, चार ओळींचं काम. अडत होतं ते एकाच ओळीशी. "माझ्या मुलीला यातले काहीही माहीत नव्हते." तीन वेळा लिहिली, तीनदा खोडली. ती ओळ लिहून तुला वाचवता आलं असतं. पण मला ते माहीत नाही. तुला माहीत होतं असंही मला माहीत नाही. तुझ्या तोंडून मी ऐकलेलं नाही. न बघता लिहिण्याचं काम माझ्या हातून पुन्हा होऊ नये म्हणून ती ओळ शेवटी ठेवली नाही. हे तुला कठोर वाटेल. मलाही वाटलं. पत्र पुरं झालं तेव्हा मी देवासमोर बसलो, पण काही मागितलं नाही.

आज सकाळी कंपनीच्या माणसाकडे कुंपणाची किल्ली दिली. कारण सांगितलं. तो म्हणाला, "भाऊसो, येड लागलंय का तुमाला? दीड वरीस झालं त्याला." किल्ली मात्र घेतली. आईने भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून दिली. मी दारातून बाहेर पडल्यावर मागून म्हणाली, "सरांना म्हणावं, पोरगी हुशार हाय." मी म्हणालो, ते त्यांना ठाऊक आहे.

पलूसहून एस.टी.ने कराड, तिथून दुसऱ्या गाडीने कॉलेज. सर वर्गात होते. शिपायाने मला बाकावर बसवलं. समोरच्या कपाटात काचेमागे टाचणीने टोचलेले किडे होते, खाली बारीक अक्षरांत नावं. एका खणात तुझं अक्षर ओळखू आलं.

सर आले, मला पाहून हसले, "अरे भाऊसो! शिवांजली काय म्हणते?" मी पत्र दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. कपाटातून तुझी फाईल काढून ते चार कागद शोधले आणि टेबलावर मांडले. माझं अक्षर इतकं नेटकं होतं की रानात उभ्याने लिहिलेलं नाही हे कुणालाही कळलं असतं. बाकीच्या आठ कागदांवर चिखलाचे डाग आहेत. या चारांवर एकही नाही. सरांचं बोट त्याच ठिकाणी फिरत होतं.

"हे मीसुद्धा बघायला हवं होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही मला तेव्हा सांगितलं असतंत, तर मी मंगळवार केला असता. त्यात काय होतं एवढं?"

शिवांजली, त्यांनी रागावून विचारलं असतं तर सोसलं असतं. त्यांनी खरंच विचारलं. त्यात काय होतं एवढं.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. कंपनीला कळवावं लागेल, परवानगी देणाऱ्या वरच्या समितीला कळवावं लागेल. मोजणी पुन्हा व्हावी असं ते लिहितील, ते मानतील की नाही हे त्यांच्या हातात नाही. तुझा प्रबंध परत तपासायला जाईल. पदवीचं काय होईल ते विद्यापीठ ठरवेल. तुझ्या नोकरीबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "शिवांजलीला हे माहीत होतं?"

"दिवाळीपासून माहीत आहे. मी सांगितलं."

"त्याआधी?"

"त्याआधीचं तिचं तिने सांगायचं," मी म्हणालो. "मला जे माहीत आहे तेवढंच मी लिहिलंय."

सरांनी ते चार कागद एकावर एक ठेवले. मग म्हणाले की नुसतं पत्र पुरणार नाही, प्रत्येक कागदावर वेगळं लिहून सही लागेल. त्यांनी स्वतःचं पेन दिलं. मी चारही कागद पुढे ओढले आणि प्रत्येकाच्या खाली लिहिलं: या दिवशी मी शेतात गेलो नव्हतो. वरील आकडे मोजलेले नाहीत. चार वेळा लिहिलं, चार वेळा सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवले.

अण्णा